दहाच्या जागी आठ पाती

त्या वर्षी लोह्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चिमण्यासुद्धा येईनाशा झाल्या होत्या. दाणाच सांडत नव्हता, तर त्या तरी कशाला येतील? माझा बाप तिथं हमाल. आडतीपासून ट्रकपर्यंत पाठीवर पोतं न्यायचं, हे त्याचं काम. दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं, पोती आलीच नाहीत, आणि बाप ओट्यावर नुसता बसून राहायला लागला. तिथं बसून कंटाळला की घरी येऊन बसायचा. माय मात्र बसली नाही. गावाजवळ रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम निघालं होतं, तिथं ती मातीची टोपली उचलायला गेली. पंधरा दिवसांनी मान खाली घालून बापही गेला. टँकर कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून धाकट्या बहिणीची शाळा सुटली आणि ती घागरींजवळ अडकली.

आणि मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या बौद्धवाड्यातला कॉलेजात गेलेला मी पहिला. घरचे तिघं उन्हात आणि मी एकटा सावलीत, हे मला रोज टोचायचं. शेवटचं वर्ष वाया गेलं असतं तर स्कॉलरशिप बंद झाली असती आणि मीही टोपली उचलायला गेलो असतो. त्यात कमीपणा आहे असं मी आजही म्हणत नाही. पण मायनं टोपली उचलली ती मला ती उचलावी लागू नये म्हणून, एवढं मला कळत होतं.

सरांची आणि माझी गाठ पडली ती याच वर्षात.

त्यांना सगळं कॉलेज उदबत्ती सर म्हणायचं. शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि पेनांच्या मधे चार-पाच उदबत्त्या. माहूरला कुणी निघालं की त्याच्याकडून पुडे मागवायचे. लोकांना वाटायचं, देवीचे भक्त आहेत. एकदा शिपायानं भाबडेपणानं विचारलं, "सर, रोजची पूजा घरीच करता का देवळात?"

"पूजा कसली बापा? तिथल्या काडीचा धूर सरळ जातो. तुमच्या इथली काडी शिंकते."

त्यांना वारा बघायचा असायचा. वारा दिसत नाही, धूर दिसतो. पंखा दिसला की सर खुर्चीवर चढायचे, काडी पेटवायचे आणि धूर कुठून ओढला जातो, कुठून फेकला जातो ते मान वाकडी करून बघायचे. हे कॉलेजात चालून गेलं असतं. पण ते बसस्थानकाच्या चौकशी खिडकीपाशी, सलूनमध्ये, एकदा तर एका लग्नात जेवणाच्या पंगतीतसुद्धा त्यांनी केलं. वरपक्षाकडचा एक म्हातारा हात जोडून उभा राहिला. सर आरती करतायत असं त्याला वाटलं असणार.

कुणाच्या घरी गेले की चपला काढता काढताच वर बघायचे आणि विचारायचे, "तीन पाती. कामून तीन? चार कामून न्हाईत?" घरचा माणूसही मग वर बघायचा. पंखा बापानं आणलेला, पाती कंपनीनं लावलेली. "तसेच आले, सर," असं कुणी म्हटलं की सर खवळायचे. "तसंच काही येत न्हाई जगात. कुणीतरी मोजून लावलंय."

मूळ उदगीरकडचे. बोलण्यात मराठी, दख्खनी, कधी कानडी, सगळं एकाच ताटात. बाहेर कुठंतरी विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात काही वर्षं काढून आले होते. तिथली नोकरी का सोडली, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. "तिथं मला पंधरा वर्षं एकच पातं घासायला दिलं रे. चाकातली बाकीची पाती दुसऱ्या खोल्यांत. पातं एकटं कधी काम करतं का? शेजारचं पातं बघितल्याशिवाय मला घास गिळवत न्हाई."

त्यांच्या खोलीत त्यांनी स्वतः बनवलेला लाकडी पंखा होता. महिना बदलला की त्याची पाती बदलायची. कधी दोन, कधी पाच, कधी आठ. टेबलावर चहा ठेवायचा आणि किती वेळात निवतो ते वहीत लिहायचं. भेटायला गेलं की ते म्हणायचे, "बस. चहा पिऊ नको, तो प्रयोगाचा आहे."

प्रयोगशाळेत दाब मोजायच्या काचेच्या नळ्या होत्या, त्यांत पाणी लागायचं. दुष्काळात हॉस्टेलच्या टाकीलाच पाणी नव्हतं, तर नळ्यांना कुठलं. सर घरून तांब्यात आणायचे आणि त्यात निळी शाई टाकायचे. शाई पाणी नीट दिसावं म्हणून टाकतात असं पुस्तकात आहे. सरांचं कारण वेगळं होतं. "नाहीतर तुम्ही लेकरं पिऊन टाकता," म्हणायचे. आणि ते खोटं नव्हतं.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागायचा. मला सरांनी दिला तो असा: हवा दाबणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे कॉम्प्रेसरच्या, रोटरला वीस पाती असली तर काय होतं आणि दहा असली तर काय होतं. आमचा कॉम्प्रेसर म्हणजे पत्र्याची लांब नळी, आत मोटरवर फिरणारं चाक, तो रोटर, आणि नळीच्या शेवटी एक झाकण. झाकण हळूहळू बंद करत जायचं आणि रोटर हवेला किती दाबतो, कुठं दम सोडतो ते बघायचं.

मी पुस्तकं वाचली, सूत्रं उतरवली, सरांपुढं घडाघडा बोललो. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "घरी काय करतात?"

मी म्हणालो, "शेती."

आम्हाला शेती नव्हती.

"कुठली?"

मग मला खरं सांगावं लागलं. मान खाली घालून सांगितलं, की माय रोजगार हमीवर माती उचलते, बाया रांगेत उभ्या राहून हातोहात टोपली पुढं देतात. सर एकदम ताठ बसले. "रांगेत? किती बाया असतात?"

त्या रविवारी ते लोह्याच्या एसटीत माझ्या शेजारी बसले होते. मी नको नको म्हणत होतो.

तलावाच्या कामावर सर छत्री उघडून बांधावर उभे राहिले आणि बोट करून रांगेतल्या बाया मोजायला लागले. झालं! मुकादमाला वाटलं, तालुक्याहून साहेब हजेरी तपासायला आला. तो धावत आला. "सायेब, समदी मान्सं हजर हायत. दोन बाया पानी प्यायला गेल्यात, आत्ता येतेत."

"त्या गेल्यामुळं काय झालं?" सरांनी विचारलं.

"काय बी न्हाई झालं सायेब! काम जोरात हाय!"

"असं कसं? काहीतरी झालं असणार."

मुकादम घामाघूम. शेवटी रांगेतून मायच बोलली. हे सायेब तिच्या लेकाचे मास्तर आहेत हे तिला तोवर कळलं होतं, पण टोपली हातातून खाली ठेवली नाही तिनं. "त्यांना काय इचारता? ते उचलतेत का? मला इचारा. दोन बाया गेल्या की टोपली जड न्हाई व्हत, सायेब, वाट लांब व्हती. मंग प्रत्येकीला वाकून, हात ताणून द्यावं लागतंय. असं ताणलं की टोपली हातातून सुटतीया, अन् एकदा सुटली की समदी रांग थांबती."

"आणि बाया जास्त झाल्या की?"

"मंग कोपर कोपराला लागतंय. माती कमी न् भांडनं जास्ती. काल मुकादमानं आपल्या मेव्हन्या आनून उभ्या केल्या, तर हलायला जागा न्हवती."

रांगेतल्या बाया फिदीफिदी हसल्या. मुकादम दुसरीकडं बघायला लागला. सर मात्र बांधावर खाली बसले आणि मायचं वाक्य न् वाक्य वहीत उतरवून घेतलं. परतीच्या एसटीत ते मला म्हणाले, "तुझ्या आईनं माझी पंधरा वर्षं एका टोपलीत भरून दिली. पाती कमी असली की एकेका पात्याला वारा जास्त वळवावा लागतो. फार ताणलं की वारा पात्याची पाठ सोडतो आणि सगळा रोटर घुरघुरायला लागतो. पाती जास्त असली की प्रत्येकावर भार कमी, पण मधली वाट अरुंद, वारा दोन्हीकडं घासतो. एवढंच आहे. बाकी सूत्रं." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "शेती म्हणालास ना? पुन्हा असं खोटं बोललास तर प्रकल्प दुसऱ्याला देईन."

वीस पात्यांचा रोटर सरांनी पूर्वीच बनवून ठेवला होता. दहा पात्यांचा मला बनवायचा होता. ॲल्युमिनिअमची दहा पाती मी महिनाभर कानशीनं घासली. ती बसवायला मधलं गोल चाक हवं, त्याला हब म्हणतात. त्यासाठी जाड ॲल्युमिनिअमचा गोळा भंगारवाल्यांकडं हिंडून हिंडून एक सापडला. एकच.

हबवर सारख्या अंतरावर दहा खाचा पाडायच्या होत्या. त्यासाठी मिलिंग मशीनला एक यंत्र जोडतात. त्याची मूठ चाळीस वेळा फिरवली की हब एकदा पुरता फिरतो. दहा खाचा हव्यात तर दर खाचेनंतर मुठीचे चार फेरे. साधं काम. मी उभा राहिलो, मूठ धरली आणि पहिल्या फेऱ्याला तोंडातून निघालं, "लाभ..."

मोंढ्यात पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. बापाच्या मांडीवर बसून मी आकडे तसेच शिकलो. बापाचं म्हणणं, पहिल्या पोत्याला एक म्हटलं की एकातच आटपतं.

मागून सर ओरडले, "ए! हा मोंढा आहे का? मशीनवर एकापासून मोजायचं!"

मी ओशाळलो. पण लाभ म्हटल्याशिवाय हात हलेना. मग मी काय केलं, लाभ मनातल्या मनात म्हणायचा आणि नंतर तोंडानं एकापासून मोजायचं. प्रत्येक खाचेला असंच. सर स्टुलावर बसून डोळे मिटून माझं मोजणं ऐकत होते. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. त्यांना ते बरोबर वाटलं. मलाही. पहिली खाच परत समोर आली, तेव्हा दहाही झाल्या असं धरून मी मशीन थांबवली.

दुसऱ्या दिवशी पाती बसवायला घेतली. आठ बसली आणि हब भरला. हातात दोन पाती उरली.

मी चार वेळा मोजलं. मग कळलं. मनातल्या लाभालाही माझा हात मूठ फिरवत होता. चाराच्या जागी पाच फेरे. चाळीसाला पाचानं भागा, आठ येतात. खाचा अगदी सारख्या, सुबक, पण आठ.

परीक्षा आठ दिवसांवर. दुसरा गोळा नाही. विद्यापीठानं मंजूर केलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं, वीस पाती आणि दहा पाती. वर्षभर एक गोष्ट सांगून दुसरीच आणून ठेवली, तर प्रकल्प नापास, आणि वर्ष गेलं. मी दोन पाती रुमालात गुंडाळून खिशात घातली. फिरताना पाती कोण मोजतंय? नुसतं एक गरगरणारं चक्र दिसतं. मी मोटर चालू केली, आठ पात्यांचे दाब मोजले आणि वहीत वर लिहिलं, दहा पाती.

मायनं तलावावर सगळ्यांसमोर खरं सांगितलं होतं, आणि मी इथं खोली बंद करून हे करत होतो. तेव्हा हे सुचलं नाही. तेव्हा फक्त टोपली दिसत होती.

दार ढकलून सर आत आले. ते वऱ्हांड्यातून चालले होते आणि मधेच थांबले होते, असं नंतर कळलं. "बंद कर," म्हणाले.

"सर, रीडिंग चालू आहे."

"बंद कर म्हणतो ना. हा आवाज दहाचा न्हाई." त्यांनी तोंडानं हुंकारून दाखवला. "दहाचा सूर असा पाहिजे. आणि हा बघ केवढा खाली बसलाय. पाती कमी हायत. थांबव आणि मोज."

रोटर थांबला. मी मोजलं नाही, खिशातून रुमाल काढून टेबलावर ठेवला. सरांनी तो उघडला. मग स्टुलावर बसून माझी वही ओढून घेतली. वर लिहिलेले दहा पाहिले. मला वाटलं, संपलं.

"कसं झालं?"

मी मूठ धरल्यासारखा हात करून फिरवून दाखवलं. पहिल्या फेऱ्याला मनातलं लाभ या वेळी मोठ्यानं म्हणालो. "लाभ... एक... दोन... तीन... चार."

सरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा हबकडं. आणि हसायला लागले. असे हसले की स्टूल सुटलं आणि ते खाली फरशीवर बसले. चष्मा काढून डोळे पुसले. "अबे, मी गप बसलो असतो तर! लाभ, दोन, तीन, चार. चारच झाले असते रे! तुझा बाप बरोबर मोजत होता. मी मधे तोंड घातलं."

"पण सर, मंजुरी दहाची आहे."

"वाऱ्याला तुझी मंजुरी माहीत आहे का?" मग हसणं थांबलं त्यांचं. "पण हे वहीतलं दहा मात्र माझी चूक न्हाई. ही तुझी हाय. फाड. आठ लिही. आणि कसे झाले तेही लिही, पहिल्याच पानावर."

"आणि नापास केलं तर?"

"तर नापास होशील," सर म्हणाले. "मी खोटं सांगू का?"

त्या आठ दिवसांत मला झोप नीट लागली नाही. रीडिंग पुन्हा घेतली, सगळं पुन्हा लिहिलं.

औरंगाबादहून आलेले बाहेरचे परीक्षक बारीक चेहऱ्याचे, पांढऱ्या कपड्यांतले, न हसणारे. त्यांनी मंजुरीचा कागद बघितला, रोटर बघितला, पेन्सिलीच्या टोकानं एकेक पातं मोजलं. "दहा लिहिलंय. आठ का?"

मी सांगितलं. लाभ, एक, दोन, सगळं. ते हसले नाहीत. म्हणाले, "बरं. दहा असती तर काय झालं असतं, सांगता येईल?"

आता मी सूत्रं म्हटली नाहीत. म्हणालो, "सर, माझी आई तलावावर टोपली देते." आणि मग तिची रांग सांगितली, दोन बाया गेल्यावर हात ताणणं, मेव्हण्या आल्यावर कोपरं लागणं. दहा पाती वीस आणि आठ यांच्या मधे कुठं बसली असती ते आलेखावर बोटानं दाखवलं. त्यांनी मोटर चालू करायला सांगितली. मी झाकण हळूहळू मिटत नेलं. आठवाला रोटर लवकर घुरघुरला, नळी थरथरली. मग वीसवाला लावला. झाकण सताड उघडं असताना तो आठच्या मागं होता, पण मिटत नेलं तसा दाब चढत गेला आणि आठनं जिथं दम सोडला तिथून तो कितीतरी पुढं गेला.

परीक्षकांनी चष्मा पुसला. "माझे वडील वाणी," ते म्हणाले. "आमच्या दुकानात पण लाभच म्हणतात." मग वहीत काहीतरी लिहीत, मान वर न करता, "पण त्यानंतर ते दोन म्हणतात."

मी बाहेर आलो तेव्हा सर वऱ्हांड्यात भिंतीला कान लावून उभे होते. पास झालो का, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "आतून वीसवाल्याचा आवाज लई गोड येत होता. झाकण किती मिटलं होतं?"

मी सांगितलं आणि तिथंच खाली बसलो. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, अगदी थोडा वेळ, आणि आत निघून गेले. त्यांना तो हब परत एकदा लावून बघायचा होता.

निवृत्त झाल्यावर सर उदगीरला परत गेले. मी एक-दोनदा भेटून आलो. ओसरीवर चहा ठेवलेला असायचा आणि कुणी प्यायचं नाही.

त्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा मी लोह्यात होतो. मी प्रथम वर्गात बी. ई. मेकॅनिकल झालो. उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा नवा झाला होता, नव्या कार्यालयांत भरती चालू होती. तिथं विंधन विहिरींच्या गाड्या आणि त्यांचे कॉम्प्रेसर सांभाळायला मी ज्युनिअर इंजिनिअर म्हणून रुजू झालो. पहिल्या महिन्यातच माय आणि बाप लातूरला आले. मायनं टोपली कायमची खाली ठेवली, आणि पुढच्या जूनमध्ये बहीण पुन्हा शाळेत गेली.